कागदावरची साक्ष

मासिकांच्या टीकाविभागांत कादंबऱ्या येतात, काव्यसंग्रह येतात, क्वचित् एखादें प्रवासवर्णन येतें. न्यायालयांचे निकाल मात्र कधीं येत नाहींत. ते वकिलांच्या कपाटांत जाडजूड ग्रंथांच्या पोटांत पडून राहतात, आणि त्यांचें परीक्षण करावयाचें तें वकिलांनींच, असा आपण सर्वांनीं मुकाट्यानें करार केलेला दिसतो. आम्हांला हा करार मान्य नाहीं. निकाल हा गद्यलेखनाचाच एक प्रकार आहे. त्यांत कथानक असतें, पात्रें असतात, निवेदकाचा सूर असतो. आणि कादंबरीहून त्याची मातबरी ही कीं, त्याच्या शेवटच्या वाक्यानें कोणी तुरुंगाबाहेर येतो, तर कोणाचें राहतें घर जातें. अशा लेखनाचा सूर कसा लागला आहे हें पाहण्याचा अधिकार साहित्याच्या अध्यापकास नसेल, तर तो कोणास आहे हें आम्हांस कळत नाहीं.

त्यांतहि देशांतील सर्वांत वरच्या न्यायालयानें अपिलांत केलेलें लेखन आम्हांला विशेष विचार करण्याजोगें वाटतें. कारण अपील ‘ऐकलें’ असें आपण म्हणत असलों तरी अपिलाचा न्यायाधीश मुख्यतः वाचत असतो. वकिलांचीं भाषणें त्याच्या कानांवर पडतात हें खरें. पण ज्या साक्षीवर सारी इमारत उभी असते ती साक्ष त्याच्यापर्यंत कागदावरूनच येते. साक्षीदार पिंजऱ्यांत उभा राहिला तेव्हां त्याचा आवाज कापत होता काय, उत्तर देण्यापूर्वीं तो किती वेळ गप्प राहिला, प्रश्न समजून ‘होय’ म्हणाला कीं न समजतां म्हणाला, यांतलें बहुतेक कांहींच कागदावर उतरत नाहीं. साक्षीदाराच्या वर्तनाविषयीं खालच्या न्यायाधीशानें शेरा लिहून ठेवावा अशी तरतूद फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत आहे. परंतु शेरा म्हणजे कांहीं मनुष्य नव्हे. तेव्हां अपिलाचें न्यायालय हा एक वाचक आहे, आणि वाचकाविषयीं जे प्रश्न आम्ही वर्गांत नेहमीं विचारतों तेच त्याच्याविषयीं विचारणें रास्त आहे. त्यानें पान लक्षपूर्वक वाचलें काय? पानावर जें नाहीं तें त्यानें पदरचें घातलें काय? आणि लिहिणारा वा बोलणारा कोण आहे हें पाहून त्याची वाचण्याची रीत बदलली काय?

आमच्या आजोबांच्या पिढींत ‘प्रिव्ही कौन्सिलापर्यंत भांडेन’ हे शब्द सहज तोंडीं येत. बांधावरच्या आंब्यासाठीं भांडणाऱ्या त्या माणसाला लंडन कोणत्या दिशेला आहे हेंहि सांगतां आलें नसतें; पण सर्वांच्या वर कोणी तरी बसला आहे आणि त्याला खालचें सारें स्वच्छ दिसतें, अशी त्याची श्रद्धा होती. 10 ऑक्टोबर 1949 रोजीं प्रिव्ही कौन्सिलाचा हिंदी अपिलांवरील अधिकार संपला आणि 26 जानेवारी 1950 पासून ती श्रद्धा दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाकडे वळली. घटनाकारांनीं या न्यायालयाच्या अपिलाच्या अधिकाराला कुंपणें घातलीं होतीं. 132 व्या कलमांत घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न हवा. 133 व्या कलमांत दिवाणी दाव्याची किंमत सामान्यतः वीस हजार रुपयांची हवी (ही रुपयांची अट 1972 च्या घटनादुरुस्तीनें जाऊन तिच्या जागीं सार्वजनिक महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नाची अट आली). 134 व्या कलमांत, खालच्या कोर्टानें सोडलेल्या आरोपीस हायकोर्टानें फांशीची शिक्षा दिली असली तर त्याला अपिलाचा हक्क. 1970 सालीं हा हक्क जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाहीं अशा कैदेपर्यंत वाढविण्यांत आला. हीं सारीं दारें मोजून मापून ठेवलेलीं आहेत. त्यांच्या शेजारीं मात्र 136 वें कलम आहे, आणि तें दार नसून सबंध भिंतच काढून टाकल्यासारखें आहे. तेथें कोणाला अपिलाचा हक्क नाहीं. परंतु सैनिकी न्यायालयें वगळून देशांतील कोणत्याहि न्यायालयाच्या कोणत्याहि निर्णयावर अपील करण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालय आपल्या मर्जीनें देऊं शकतें.

ही मर्जी क्वचित् आणि अपवाद म्हणूनच वापरावी, असें त्या न्यायालयानें 1950 सालींच प्रीतमसिंगाच्या खटल्यांत सांगितलें होतें. पण अपवादांची रांग लांबत गेली. आरंभीं सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीशांसाठीं योजलेल्या या न्यायालयांत 2019 सालीं मंजूर संख्या चौतीस झाली. परवानगी केव्हां द्यावी याचे कांहीं नियम घालावेत हा प्रश्न पांच न्यायमूर्तींच्या पीठापुढें गेला, तेव्हां त्या पीठानें 2016 सालीं नियम घालण्यास नकार दिला. नियम नकोत हें एक वेळ आम्ही समजूं शकतों. रसिकतेचेहि नियम कोणी घालूं नयेत. परंतु ज्याला नियम नाहींत त्याच्या हातून झालेलें प्रत्येक वाचन तपासावें लागतें. तसें करण्यासाठीं आम्हीं दोन निकाल निवडले आहेत. दोहोंत वरच्या न्यायासनानें मुंबई हायकोर्टाचा निर्णय फिरविला आणि मूळ खटला चालविणाऱ्या न्यायाधीशाचा निर्णय पुन्हां उभा केला. बाहेरून पाहतां दोघांचा सांचा एकच. आंत शिरलें म्हणजे मात्र निराळें दिसतें.

पहिला निकाल 1915 सालचा, प्रिव्ही कौन्सिलाचा. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित 7 ऑगस्ट 1897 रोजीं वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वयें जे विश्वस्त नेमले गेले त्यांत लोकमान्य टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे होते. 1901 च्या जूनमध्यें औरंगाबादेस जगन्नाथ नांवाच्या मुलाचें दत्तविधान झालें असें विश्वस्तांचें म्हणणें. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनीं तें नाकारून त्याच वर्षीं दुसरा मुलगा दत्तक घेतला. पुढचें रामायण जुन्या पिढीस तोंडपाठ होतें. टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, शिक्षा झाली, आणि 1904 सालीं हायकोर्टानें ती रद्द केली. दिवाणी दाव्यांत पुण्याच्या न्यायाधीशानें 1906 सालीं जगन्नाथाचें दत्तक खरें ठरविलें. 1910 सालीं हायकोर्टानें तें खोटें ठरविलें. त्या वेळीं टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते.

वादाचा गाभा अगदीं लहान होता. औरंगाबादेस त्या दिवशीं मुलगा प्रत्यक्ष ‘दिला’ व ‘घेतला’ गेला कीं नाहीं? तो गेला असें सांगणारे साक्षीदार शपथेवर बोलले होते, आणि मूळ न्यायाधीशानें त्यांवर विश्वास ठेवला होता. हायकोर्टानें पत्रव्यवहार आणि मागाहूनचें वर्तन यांवरून असें अनुमान काढलें कीं, हे सारे मिळून बनावट हकीकत सांगत आहेत. प्रिव्ही कौन्सिलानें येथेंच बोट ठेवलें. ज्या पत्रांवरून साक्षीदाराला खोटा ठरवावयाचें तीं पत्रें तो पिंजऱ्यांत उभा असतांना त्याच्यापुढें ठेवावयास नकोत काय? ‘हें तुम्हीं लिहिलें, मग असें कसें म्हणतां?’ हा प्रश्न त्याला विचारलाच नाहीं, आणि पुढें कांहीं वर्षांनीं, तो समोर नसतांना, कागदांची सांगड घालून त्याला कटांतला भागीदार ठरविलें, ही न्यायाची रीत नव्हे, असें त्या निकालाचें सार आहे. उलटतपासणीच्या प्रकरणांत वकील अद्यापि तो आधारास घेतात.

साहित्याच्या अंगानें पाहतां या निकालाचा गुण असा कीं, तो आपलें दूरत्व विसरत नाहीं. सात समुद्रांपलीकडे बसलेले हे वाचक औरंगाबादेच्या वाड्यांत शिरल्याचा आव आणीत नाहींत. त्या न्यायासनाच्या लेखनाचा सांचाहि त्याला अनुकूल होता. निकालाच्या शेवटीं बादशहास अमुक सल्ला नम्रपणें देण्यांत येईल, असें लिहिण्याची चाल होती. मतभेद बाहेर दिसूं द्यावयाचा नाहीं हा दंडक तर 1966 पर्यंत टिकला. त्या नम्रतेंत ढोंग किती आणि साम्राज्याचा थाट किती हा प्रश्न वेगळा. जे टिळक येथें जिंकले त्यांनाच 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यांत याच न्यायासनानें अपिलाची परवानगीसुद्धां नाकारली होती, हें आम्ही विसरलेलों नाहीं.

दुसरा निकाल 15 सप्टेंबर 1978 चा, सर्वोच्च न्यायालयाचा. नांव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. ज्या मुलीमुळें तो सर्वांना माहीत झाला तिचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तें पुरेसें चव्हाट्यावर आणलें गेलें आहे. ती आदिवासी, आईबापांवेगळी, मोलमजुरी करून भावाजवळ राहणारी होती; डॉक्टरांच्या अंदाजानें तिचें वय चौदा ते सोळांच्या दरम्यान. 26 मार्च 1972 रोजीं भावाच्या तक्रारीवरून तिला आणि इतरांना देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत आणण्यांत आलें. देसाईगंज तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांत होतें, आतां गडचिरोलींत आहे. जबान्या झाल्या, रात्रीं साडेदहाच्या सुमारास मंडळी बाहेर पडूं लागली, आणि मुलीला मागें ठेवून घेण्यांत आलें. ठाण्याचें दार लागलें, दिवा गेला, नातलग बाहेर राहिले. पुढें काय झालें याबद्दल दोन पोलिसांवर खटला झाला.

चंद्रपूरच्या सेशन्स न्यायाधीशानें 1974 सालीं दोघांना सोडलें. शरीरसंबंध झाला, पण बलात्कार शाबीत नाहीं, आणि मुलगी खोटारडी आहे, असें त्याचें मत पडलें. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर पीठानें 1976 सालीं तें फिरवून एकास पांच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. नागपूरचें वाचन आम्हांस मार्मिक वाटतें. हे दोघे त्या मुलीला पूर्वीं कधींहि भेटलेले नव्हते. मग पुढाकार तिचा असणें संभवनीय नाहीं, तो त्यांचाच असला पाहिजे. ठाण्याच्या चार भिंतींत, परक्या शिपायांपुढें, जें दिसलें ती संमति नसून अगतिक शरणागति होय. आणि बाहेर येतांच तिनें ती हकीकत आपल्या माणसांना सांगितली. या तीन गोष्टी कागदावर होत्या, आणि कागदावरून जेवढें निघतें तेवढेंच त्या पीठानें काढलें.

येथें अपिलाच्या अधिकाराचा मुद्दा लक्षांत घ्यावा. शिक्षा पांच वर्षांची व एक वर्षाची. म्हणजे 134 व्या कलमाचा किंवा 1970 च्या कायद्याचा हक्क आरोपींना नव्हता. ते गेले तें 136 व्या कलमाच्या परवानगीनें. आरोपीला दाद मागूं द्यावी याविषयीं आमची तक्रार नाहीं. सुटलेल्या माणसाला वरच्या कोर्टानें प्रथमच दोषी ठरविलें असतां आणखी एकदां कोणी तें पाहावें, हें माणुसकीला धरूनच आहे. पण हक्क नसतांना, केवळ मर्जीनें, दिल्लीनें हा कागद हातांत घेतला, तेव्हां तो अपवाद म्हणून वाचण्याची दुप्पट जबाबदारीहि तिनें पत्करली.

निकाल आटोपशीर आहे, भाषा सफाईची आहे, आणि हीच सफाई आम्हांला खटकते. मुलीच्या अंगावर जखमा नाहींत. म्हणून प्रतिकार केल्याची तिची हकीकत खोटी आणि आरडाओरड केल्याची गोष्ट रचलेली. ती भावाबरोबर होती, जवळजवळ ठाण्याबाहेर पडली होती. अशा वेळीं केवळ शिपायांच्या अधिकाराला दबून ती मुळींच विरोध करणार नाहीं, ही कल्पना न्यायालयाला असंभाव्य वाटली. मृत्यूचें किंवा इजेचें भय दाखविल्याचा पुरावा नाहीं. म्हणून संमति नव्हती असें शाबीत झालें नाहीं. वाक्यामागून वाक्य असें घसरत जातें, आणि दोन्ही आरोपी निर्दोष सुटतात. हायकोर्टाचा ओळखीपाळखीचा मुद्दा होता त्याला द्यावें तेवढें स्थान येथें दिलेलें आम्हांस दिसत नाहीं.

आम्हीं हा निकाल अनेकदां वाचला आहे आणि प्रत्येक वेळीं आमच्या मनांत एकच गोष्ट येते. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें ती मुलगी नाहीं. त्यांच्या डोळ्यांपुढें एक नायिका आहे. ही नायिका संकट येतांच किंकाळी फोडते, नखांनीं ओरबाडते, आणि तिच्या अंगावर झटापटीचे वळ उमटतात. पानावरची मुलगी त्या नायिकेसारखी वागली नाहीं, म्हणून ती खोटी. सामान्य कादंबऱ्यांवर पोसलेला वाचक चांगलें पुस्तक हातांत पडलें असतां असेंच करतो; पात्र आपल्या कल्पनेप्रमाणें रडलें नाहीं कीं तो लेखकाला दोष देतो. त्याच्या वाचनानें कोणाचें वांकडें होत नाहीं, एवढाच काय तो फरक.

आतां एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. खालच्या न्यायाधीशाला साक्षीदार पाहण्याची संधि मिळालेली असते, म्हणून सुटकेचा निर्णय बदलण्यापूर्वीं अपिलाच्या कोर्टानें त्याच्या मताला मान द्यावा, असें प्रिव्ही कौन्सिलानें 1934 सालीं शिवस्वरूपाच्या खटल्यांत सांगून ठेवलें आहे. मुलीला पाहिलें तें चंद्रपूरच्या न्यायाधीशानें. नागपूरनेंहि कागदच वाचला. मग दिल्लीनें चंद्रपूरला मान दिला तर बिघडलें कोठें? आणि ताईमहाराज प्रकरणांत पुण्याच्या न्यायाधीशाला दिलेला मान आम्हांस आवडला, तर येथें कां नावडावा?

याचें उत्तर आम्हीं बराच काळ शोधलें. तें असें वाटतें कीं, साक्षीदाराला पाहणें आणि साक्षीदाराविषयीं आधींच मत असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला पूर्वीं शरीरसंबंधाची संवय होती, हा मुद्दा चंद्रपूरच्या निकालांत ठळक आहे. त्या रात्रीं ठाण्यांत काय झालें हें सांगतांना तिचा चेहरा कसा होता याची नोंद ती नव्हे. तो तिच्या चारित्र्यावरील शेरा आहे. ज्याला शिवस्वरूपाचा नियम मान द्यावयास सांगतो तें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें, समाजाच्या कानगोष्टी नव्हेत. चांगल्या वाचकानें मूळ न्यायाधीशाच्या लेखणींतलें पाहिलेलें कोणतें व गृहीत धरलेलें कोणतें हें निवडून काढलें असतें.

आणि येथें आम्हांस 1915 च्या निकालाविषयींहि एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. त्याची आम्हीं स्तुति केली. पण ती काळजी कोणाच्या साक्षीविषयीं घेण्यांत आली? टिळकांच्या आणि खापर्ड्यांच्या. एक पत्रकार व कायदेपंडित, दुसरे नामांकित वकील. दोघेहि इंग्रजींत आपली बाजू मांडणारे. अशांना खोटें म्हणण्यापूर्वीं विचारून घ्यावें हें कोणासहि सुचेल. देसाईगंजच्या मजूर मुलीला खोटी म्हणण्यापूर्वीं, ‘शिपायानें हात धरला तेव्हां तूं भावाला हांक कां मारली नाहींस, आणि कशाला भ्यालीस?’ हें जिव्हाळ्यानें विचारून तिचें उत्तर वाचण्याची गरज कोणास वाटली? तिच्या गप्प राहण्याचा अर्थ तिच्यावांचूनच लावला गेला. टिळकांच्या मौनाचा अर्थ टिळकांना विचारल्यावांचून लावूं नये, एवढा नियम 1915 पासून ग्रंथांत होता.

निकालानंतरची हकीकत थोडक्यांत सांगूं, कारण ती पुष्कळांना ठाऊक आहे. 1979 च्या सप्टेंबरांत उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. टीका म्हणून तें पत्र आम्ही उच्च दर्जाचें मानतों. निकालांतील शब्द घेऊन त्यांनाच त्यांनीं प्रश्न विचारले. देशभर स्त्रियांनीं मोर्चे काढले. 1983 सालीं पुराव्याच्या कायद्यांत 114-अ हें कलम आलें. पोलिसांसारख्यांच्या ताब्यांत असतां शरीरसंबंध झाल्याचें शाबीत झालें आणि ‘माझी संमति नव्हती’ असें स्त्रीनें कोर्टांत सांगितलें, तर न्यायालयानें संमति नव्हती असेंच गृहीत धरावें, असें तें कलम सांगतें. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुराव्याच्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यांतहि ही तरतूद कायम आहे. टीकाकाराच्या दृष्टीनें ही घटना विलक्षण आहे. वाचकाला नीट वाचतां येईना, म्हणून संसदेला पानाच्या समासांत लिहून द्यावें लागलें कीं, येथें असें वाचा.

136 वें कलम काढून टाकावें असें आम्ही म्हणत नाहीं. गरीब कैद्याची चिठ्ठीहि त्याच दारानें आंत जाऊं शकते. पण परवानगी देतांना, हा कागद आम्ही कां उघडीत आहों, यांत असा कोणता अन्याय दिसतो कीं जो हायकोर्टाच्या नजरेंतून निसटला, हें दोनतीन वाक्यांत लिहून ठेवण्याचा दंडक असता, तर तुकारामाच्या खटल्यांत तीं वाक्यें कोणतीं असतीं याची आम्हांस फार जिज्ञासा आहे.

अलीकडे सर्वोच्च न्यायालय आपल्या निवडक निकालांचीं मराठी भाषांतरें प्रसिद्ध करतें, आणि तें आम्हांस मनापासून आवडतें. घटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणें त्या न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें. म्हणून झाडीपट्टींतल्या साक्षीदाराचें बोलणें दिल्लीस पोंचतें तें इंग्रजी होऊन, आणि निकाल परत येतो तो मराठी होऊन. जातांनाच्या प्रवासांत ‘मी घाबरली’ या दोन शब्दांचें काय होतें, हें कोणीतरी चार खटल्यांचे मूळ कागद घेऊन ओळीस ओळ लावून पाहावयास हवें. आमच्या दोन विद्यार्थिनींनीं यंदा तें काम हातीं घेतलें आहे.